तुझ्या गावचा पाऊस कोण विचारतं

सुनंदा,

सोमवारच्या बैठकीत तुझ्या गावचा पाऊस मोजणं बंद करायचं की चालू ठेवायचं, हे ठरणार होतं. तू त्याआधीच ताप म्हणून दवाखान्यात गेलीस, आणि शनिवारी सकाळी तुझ्या भावाचा फोन आला. वाद अर्धा टाकून उठायची तुझी रीत नव्हती. दुपारचे डबे संपून हात वाळले तरी तुझं बोलणं संपायचं नाही. त्यामुळे बातमी ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगून टाकते: मला राग आला. रडू आलं ते नंतर, घरी, भांडी घासताना, आणि तेही फार वेळ नाही. अम्मी म्हणाली, आधी नळ बंद कर.

बैठक पुढे ढकलली. जाधव साहेबांनी सगळ्यांना उभं केलं, दोन मिनिटं शांतता पाळली. नेमका तेव्हाच तुझ्या टेबलावरचा फोन वाजला आणि तो कुणी उचलावा हे कुणाला कळेना. मग साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "रजिया, बैठकीसाठीचा अहवाल आता तुम्हीच करा. दोन आठवडे घ्या." अहवालावर आपल्या दोघींची नावं आधीच टाईप केलेली होती. मी तुझं नाव काढलं नाही.

तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरी कधीपासून, हे सगळं ऑफिसच्या ग्रुपवर येऊन गेलं. 'मनमिळाऊ' असंही कुणीतरी लिहिलं. तू मनमिळाऊ नव्हतीस. तू भांडखोर होतीस, आणि तुझ्याशी भांडण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. ती चांगली गेली. हे तुला कधी सांगितलं नव्हतं, ते इथं लिहिते.

हे आणखी कुणी वाचेल म्हणून आपलं काम थोडक्यात सांगते, तू हा परिच्छेद सोडून दे. कोयनेपासून सांगलीपर्यंत नदीची पातळी, धरणातून सोडलेलं पाणी आणि सातारा-सांगलीतल्या गावोगावचा पाऊस गोळा करायचा, आणि विचारेल त्याला फोनवरच्या ॲपमधून सांगायचा, हे आपल्या संस्थेचं काम. माणूस विचारतो, यंत्र उत्तर देतं. कुठला आकडा कधी विचारला गेला याची एक ओळ मागे राहते. या ओळींना आपण लॉग म्हणतो. पावसाळ्यात कृष्णा चढायला लागली की अख्खी सांगली पुलाजवळची पातळी विचारत सुटते. एकच माणूस आंघोळीला जाताना विचारतो आणि आंघोळ करून आला की परत विचारतो. ओळींचा ढीग होतो, ठेवायला जागा पुरत नाही. म्हणून आपण नमुना घेतो. शंभर ओळींतली एक ठेवायची, बाकीच्या जाऊ द्यायच्या, आणि त्या एकीवरून लोकांना काय लागतं, कधी लागतं, याचा अंदाज बांधायचा. हा नमुना कसा घ्यायचा ते मी ठरवलं होतं. तो चुकीचा आहे असं तू सांगायचीस.

यंदा प्रश्न असा आला की पाऊस मोजायची नळकांडी जास्त आणि ती दुरुस्त करत फिरणारा माणूस एक. तेव्हा ज्या गावांचा आकडा कुणी विचारतच नाही ती बंद करावीत, असं ठरत होतं. वर्षभराच्या नमुन्यात माण तालुक्यातल्या काही गावांची एकही ओळ नव्हती. त्यांत दहिवडीच्या पलीकडचं तुझं गावही होतं, आणि तिथलं नळकांडं तर तुझ्या घरच्या परड्यात, तू स्वतः बसवलेलं.

मी तुला सरळ विचारलं होतं, "तुझं गाव आहे म्हणून भांडतेस ना?"

"व्हय," तू म्हणालीस. "माझं हाय म्हणूनच. दुसऱ्याच्या गावासाठी कोण भांडतंय?"

मी म्हटलं, असं प्रत्येकीनं आपल्या गावासाठी सुरू केलं तर नमुन्याचा उपयोग काय. नमुना कुणाची मावशी ओळखत नाही, काका ओळखत नाही, हाच त्याचा गुण. आमच्या मिरजेत अब्बा तंबोऱ्यासाठी भोपळा निवडतात तेव्हा सगळा भोपळा वाजवत बसत नाहीत. दोन-तीन जागी टिचकी मारतात आणि बाजूला ठेवतात. चाळीस वर्षं त्यांचं असंच चाललंय.

तू डब्यातली भाकरी मोडत म्हणालीस, "भोपळ्याचं बरं हाय, तो एका जागी बसतोय. मेंढरं मोजताना शंभरात एक मोजून बघ की. वाघूर भरल्याली दिसंल, समदं बरोबर वाटंल. जे मागं ऱ्हायलंय तेच मोजायचं असतंय, बाई."

वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही, कारण विचारलं असतं तर तू जिंकल्यासारखं हसली असतीस.

तुझ्याकडून मी एक गोष्ट मात्र शिकले, आणि ती शिकताना भांडले नाही. मेढ्याच्या वरच्या अंगाला एका गावात ऐन पावसात रोज शून्य येत होतं. आजूबाजूच्या गावांत धो धो पाऊस, आणि इथं शून्य. नळकांड्यात पाला अडकला होता आणि नोंद घेणारे काका पावसामुळे तिकडे फिरकतच नव्हते. घरी बसून शून्य लिहायचे. तू त्यांना फोन लावलास. मला वाटलं आता भांडण होणार. तू अगदी मऊ आवाजात म्हणालीस, "आवं काका, बघितलं न्हाई तर काय बी लिहू नका. रिकामं सोडा. शून्य म्हंजे कुणीतरी गेलं, वाकलं, बघितलं, आणि पाणी न्हवतं." त्यानंतर आपल्या सगळ्या तक्त्यांत रिकामी जागा आणि शून्य वेगळं दिसायला लागलं. साहेबांना रिकाम्या जागा बघवत नाहीत, त्यांना तक्ता भरलेला लागतो. तू त्यांच्याशीही भांडलीस.

आणि ती कोयनानगरची दुपार. आपण दोघी तिथलं यंत्र तपासायला गेलो होतो. घाटातल्या वळणांनी तुला गाडी लागली होती आणि तू चहाच्या टपरीवर लिंबू चोखत बसली होतीस. तेवढ्यात जमीन हलली. बरणीतली बिस्किटं खडखडली, बाकडं जरासं सरकलं. टपरीवाल्यानं वर पाहिलंसुद्धा नाही, तो दूध ओतत होता. मी घाबरून उभी राहिले. तू लिंबू टाकून लॅपटॉप उघडलास आणि मला खाली बसवून म्हणालीस, "बघ, बघ, भीती कशी दिसती." कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत लोक धरणाची पातळी विचारायला लागले होते. सरळ चाललेली रेघ एकदम वर चढली आणि पाचेक मिनिटांत उतरली. मला ती रेघ फार आवडली. मी म्हटलं, बघ, शंभरात एक घेऊनही सगळं दिसतं.

"दिसणारच," तू म्हणालीस. "ही लय जणांना एकदम वाटलेली भीती हाय. एकट्यादुकट्याला वाटलेली तुझ्या नमुन्यात कुठनं दिसायची?"

आपला सगळा वाद या दोन वाक्यांत आहे. बाकी आपण जे वर्षानुवर्षं बोललो ते त्याचंच रवंथ. शेवटी मी दर वेळी एकच म्हणायचे, "गोष्ट नको, ओळ दाखव." कारण गोष्ट काय, कुठल्याही गावाची सांगता येते. माझं हे म्हणणं मी आजही सोडलेलं नाही.

नवव्या दिवशी मी तुझ्या गावी गेले. सांगलीहून विट्यामार्गे एसटीनं, पुढे दहिवडीतून वडापच्या जीपमध्ये कोंबून. तुझी वहिनी मंगल दारात उभी होती. मी कोण हे तिला सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "भांडणाऱ्या बाई का तुमी?" म्हणजे तू घरी जाऊन माझं हेच नाव घेत होतीस. तिनं पाणी दिलं, मग बराच वेळ माझा हात धरून बसली. आप्पा, तुझे वडील, मेंढरं सोडून अंत्यविधीला आले होते ते दहाव्यासाठी थांबले होते. मला वाटत होतं मोठा आडदांड माणूस असेल. अंगानं तुझ्यासारखेच बारीक आहेत, आणि बोलताना तुझ्यासारखेच समोरच्याच्या खांद्याकडे बघतात. तेवढ्याची माझी तयारी नव्हती. मी उगीच पिशवीत काहीतरी शोधत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, विधीला निघायच्या आधी, मंगलवहिनी परड्यात गेली. नळकांड्याचं झाकण काढलं, आतली बाटली उजेडाला धरली, परत ठेवली, आणि पदराला हात पुसून फोनवर आकडा टाकला. शून्य. पाहुण्यांतली एक बाई म्हणाली, "अगं, सुतकात कशाला ही मापं?" मंगलवहिनी काही बोलायच्या आत ओट्यावरून आप्पा म्हणाले, "पाऊस काय सुतक धरतोय व्हय? बघू दे तिला."

मी सहज विचारावं तसं विचारलं की हा आकडा इथं कोण बघतं. ऑफिसचा प्रश्न अशा दिवशी विचारायला नको होता, असं एखादी म्हणेल. तू म्हणाली नसतीस.

"हितं कोण बगतंय?" आप्पा म्हणाले. "हितल्या माणसाला अंगणात दिसतोय की पाऊस. बगतो आमी, तिकडं असताना."

मग त्यांनी जे सांगितलं ते तू मला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतंस. दिवाळी झाली की तुमच्या गावचे कळप खाली उतरतात, कृष्णाकाठी, वाळव्याकडे. ऊस तुटून गेलेल्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घेतात, रानाला खत होतं आणि मेंढरांचं पोट भरतं. उन्हाळा सरत आला की एकच विचार असतो, गावाकडे पाऊस झाला का. झाला असेल तर निघायचं, आठवडाभराची चाल. नसेल आणि निघालं, तर इथं गवताची काडी नसते आणि तिकडची रानंही नांगरून गेलेली असतात. मधल्या मध्ये कोकरं मरतात.

"मग घरी फोन करून विचारायचं," मी म्हटलं.

आप्पा पहिल्यांदा हसले. "घरची माणसं पाऊस पाडत्यात, बाई."

मंगलवहिनीनं मान खाली घातली, पण तीही हसत होती. तू कॉलेजला सांगलीला निघालीस त्या वर्षीची गोष्ट आप्पांनी सांगितली. तू जायच्या आधी बापानं घरी असावं म्हणून तुझ्या आईनं एका ट्रकवाल्याबरोबर निरोप धाडला होता की पाऊस चांगला झालाय, या. आप्पा आले. पावसाचा थेंब नव्हता. तुला एसटीत बसवून ते त्याच पावली मागं फिरले, आणि जाता-येता कळपातली कोकरं गेली. तुझ्या आईला ते कधी बोलले नाहीत. "तिचं बी काय चुकलं? पोरगी निघाली हुती," एवढंच म्हणाले. तुझी आई आता नाही. नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी तू परड्यात ते नळकांडं रोवलंस आणि आप्पांना सांगितलंस, आता माणसाला विचारू नका, ह्याला विचारा.

आता आप्पांकडे साधा बटणांचा फोन आहे. ते मुंबईला तुझ्या भावाला फोन करतात. संजय मार्केटात माल उतरवता उतरवता ॲपमध्ये गावचा आकडा बघतो आणि सांगतो. मुंबईत बसलेल्याला गावाकडचं आभाळ दिसत नाही, त्यामुळे जो आकडा आहे तोच तो सांगणार. तुमच्या गावच्याच नव्हे, शेजारपाजारच्या गावांच्या कळपांचंही असंच चालतं. कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी पुतण्या मुंबईत असतोच. एकानं विचारायचं आणि त्यावर सगळ्यांनी हलायचं. वर्षातले थोडे दिवस, मोजके प्रश्न.

दहावा झाला. आप्पा दुपारीच निघाले, मेंढरं दुसऱ्याच्या हवाली होती. मंगलवहिनी त्यांची पिशवी भरताना माझ्याजवळ हळूच म्हणाली, "आप्पांनी आता घरी यायला पायजे. हे मुंबईला, सुनंदाताई अशी गेली. घर खायला उठतंय मला."

"मग सांगा की त्यांना फोनवर, वळीव पडला म्हणून," मी म्हटलं. गंमत म्हणूनच म्हटलं.

"फोनवर बोलले बी असते एखादवेळी," ती म्हणाली. "पर आकडा कसा खोटा टाकू? त्यो एकट्या आप्पांचा हाय का? समद्यांचा हाय."

परतीच्या एसटीत खिडकीजवळ बसून मी तुझ्यावर परत चिडले. ही गोष्ट तुझ्याकडे होती आणि तू ती वापरली नाहीस. का, याचा मी विचार केला. मी 'गोष्ट नको' म्हणायचे म्हणून असेल. किंवा ती तुझ्या आईच्या खोट्याची गोष्ट होती, आणि ते खोटं तुझ्यासाठी होतं, म्हणून असेल. तुला विचारता येत नाही. दोन्हीपैकी एक निवडून मी समाधान करून घेणार नाही.

विट्याच्या पुढे आल्यावर मात्र मला दुसरंच काही आठवलं आणि मी मोठ्यानं "अरे देवा" म्हटलं. शेजारची म्हातारी दचकली. आपल्या लॉगला एक गाळणी आहे. बाहेरून यंत्रं येऊन उगीच आकडे ओढत बसतात, त्यांच्या ओळी नमुन्यात नकोत म्हणून दोन जिल्ह्यांच्या बाहेरचा प्रत्येक प्रश्न आपण नमुना घ्यायच्या आधीच टाकून देतो. सातारा आणि सांगली ठेवायचे, बाकी सगळं बाहेरचं. मुंबईसुद्धा बाहेरची. माणच्या माणसाला मुंबई बाहेरची. ती गाळणी मी लिहिली आणि तू तपासलीस, सुनंदा. तुझा सख्खा भाऊ मुंबईत, तुझ्या गावातल्या प्रत्येक घरातलं एक माणूस मुंबईत, आणि तू माझ्या खुर्चीमागे उभी राहून, शेंगदाणे खात, "बरोबर हाय, सोड" म्हणाली होतीस. मला ते शेंगदाणेसुद्धा आठवतात. इतकी वर्षं तू माझ्या 'शंभरात एक'शी भांडत राहिलीस, आणि तुझ्या गावाच्या ओळी त्या शंभरापर्यंत पोचतच नव्हत्या. आपण दोघी चुकीच्या दारात उभ्या राहून भांडत होतो. हे तुला सांगायला मिळालं असतं तर तू कपाळावर हात मारून दोन दिवस हसली असतीस, आणि तिसऱ्या दिवशी चूक माझीच कशी हे सिद्ध केलं असतंस. एसटीत मला तुझी खरी आठवण आली ती तेव्हा. त्याआधीचं सगळं बातमीसारखं होतं.

ऑफिसात येऊन मी शोधलं. मागचं काही उरलेलं नव्हतं. जे टाकून दिलं ते गेलं, तसाच आपला नियम आहे. विचारणाऱ्याचा फोन नंबर आपण ठेवत नाही, तीही तुझीच अट. एकदा एक बडे गृहस्थ, धरणाचं पाणी कोण कोण विचारतं त्याची यादी मागायला आले होते, तेव्हा तू म्हणाली होतीस, "नाव ठेवलंच न्हाई, तर देऊ कुठनं?" ते गृहस्थ चहा न घेता गेले. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आता त्याच नियमामुळे माझ्या हातात दाखवायला काही नव्हतं. एक गोष्ट होती, ओळ एकही नव्हती. आणि गोष्टीवर अहवाल लिहायचा नाही हे मीच म्हणत आले होते.

दोन दिवस मी काही लिहिलं नाही. मग तक्ता उघडला. तुझ्या गावासमोर, 'विचारणारे' या रकान्यात शून्य होतं. मीच टाकलेलं. तुझे ते मेढ्याचे काका आठवले. मी तरी कुठे गेले होते, कुठे वाकून बघितलं होतं? मी ते शून्य काढलं आणि जागा रिकामी ठेवली. मग माणमधल्या बाकीच्या गावांसमोरचीही काढली.

सोमवारच्या बैठकीत साहेबांची नजर बरोबर तिथंच गेली. "हे रिकामं काय आहे?"

"माहीत नाही, सर."

"म्हणजे तुम्ही भरायचं विसरलात?"

"नाही. माहीत नाही, असं लिहिलंय. आपली गाळणी मुंबईचे प्रश्न फेकून देत होती. तिथून कुणी विचारलं की नाही, हे आता सांगता येणार नाही."

"मग सुनंदा बाईंचं गाव बंद करायचं की नाही?"

तुझ्या जागेवर कुणी बसलं नव्हतं, पण खुर्ची हलवून भिंतीला लावली होती. मी म्हटलं, "या आकड्यांवर नाही करता येणार. एक पाऊसकाळ द्या. सांगलीच्या पुलाची शंभरात एक ओळ पुरते, ती तशीच घेऊ. पण ज्या गावांचं कोणी क्वचित विचारतं, त्यांची प्रत्येक ओळ ठेवू. थोड्याच असतील, जागा लागणार नाही. आणि मुंबई गाळणीतून काढू. तरीही कुणी विचारलं नाही, तर मी स्वतः जाऊन ते नळकांडं काढून आणीन."

हे शेवटचं मी मनापासून म्हटलं, तुला आवडो न आवडो. तू म्हणायचीस सगळंच ठेव, एकही ओळ टाकू नको. ते मला आजही पटत नाही. सगळं ठेवलं की कुणी काहीच बघत नाही. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि एक पाऊसकाळ दिला.

महिन्याचा तक्ता बंद करताना तुझ्या गावच्या पावसाच्या रकान्यात एक जागा रिकामी दिसली. तू गेलीस तो शनिवार. त्या दिवशी मंगलवहिनी परड्यात गेली नव्हती. साहेब म्हणाले, "अहो, भर उन्हाळा आहे, शून्यच असणार. टाका आणि पुढं चला." मला ठाऊक होतं की शून्यच होतं, त्या दिवशी दोन्ही जिल्ह्यांत कुठंच पाऊस नव्हता. पण त्या सकाळी तुझ्या घरातल्या कुणी बाटली उजेडाला धरून बघितलेली नव्हती. मी ती जागा तशीच ठेवली, आणि साहेबांनी या वेळी वाद घातला नाही.

आता मे संपत आलाय. माणवर दोन दिवस आभाळ भरून येतंय आणि तसंच निघून जातंय, असं मंगलवहिनी काल फोनवर म्हणाली. आवाज बरा नव्हता. आप्पा कधी येणार, असं मी विचारलं. "बघू," म्हणाली. तिला ते घरी हवे आहेत, आणि आज सकाळी आकडा टाकायचा होता तिलाच.

मी आज ऑफिसात येऊन डबासुद्धा पिशवीतून काढला नव्हता. आधी लॉग उघडला. रोज उघडते आणि रोज तुझ्या गावासमोर काही नसतं. आज एक ओळ होती. मुंबईहून. कुणाची ते दिसत नाही, तुझ्याच अटीमुळे. संजयची असेल, दुसऱ्याच्या पुतण्याची असेल. मंगलवहिनीनं सकाळी परड्यात जाऊन शून्य टाकलं होतं. त्यानंतर थोड्याच वेळात मुंबईनं विचारलं, आणि ते शून्य जसंच्या तसं गेलं. वाळव्याकडे आज कळप हलला नसेल. आप्पा उसाच्या रानात असतील.

सुनंदा, तुझ्या गावचा पाऊस विचारतात गं.